मॅक्सिमा वापरणारं इथे कोणी आहे का? (सांगली-मिरज-कुपवाड आणि आसपास)

येरळाकाठ · रविवार, रात्री ९:१५

सकाळी तासिका तत्त्वावर बी.एस्सी.ला गणित शिकवतो, संध्याकाळी विश्रामबागला इंजिनिअरिंगच्या पोरांचा क्लास घेतो. दोन्हीकडचं बरंचसं काम मॅक्सिमावर चालतं. मागे एका कार्यशाळेत शेजारी बसलेल्या तरुण प्राध्यापकांनी माझ्या लॅपटॉपकडे बघून विचारलं, "हे अजून चालू आहे?" चालू आहे. म्हटलं आपल्या भागात आणखी कोण वापरतं ते तरी बघू.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅक्सिमा हा संगणकावरचा गणिताचा प्रोग्रॅम. आकडेमोड करतं, पण त्याचा मूळ धंदा बीजगणिताचा. १/३ + १/७ विचारलं तर कॅल्क्युलेटर ०.४७६१९०४७६ दाखवतो, हे १०/२१ देतं. विकलन, इंटिग्रेशन, लिमिट, मॅट्रिक्स, समीकरणं, सगळं अक्षरांसकट करतं. फुकट आहे, नेट लागत नाही, आणि जुन्यात जुन्या मशीनवर चालतं. २०१९ च्या पुरानंतर देणगीत आलेल्या जुनाट संगणकांवर आम्ही तेच टाकलं होतं, कारण दुसरं काही त्यांच्यावर धड उघडत नव्हतं.

वय सांगतो. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा. त्याच्या पुढच्या वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकेत एमआयटीच्या 'प्रोजेक्ट मॅक'मध्ये कार्ल एंगेलमन, विल्यम मार्टिन आणि जोएल मोझेस यांनी याचं मूळ रूप सुरू केलं. त्याचं नाव मॅकसिमा, भाषा लिस्प. त्या काळी ते एमआयटीच्या एका मोठ्या यंत्रावर चालायचं आणि बाहेरचे संशोधक आर्पानेटवरून (इंटरनेटच्या आधीचं जाळं) तिथे पोचायचे. १९८२ नंतर त्याच्या दोन वाटा झाल्या. एक प्रत कंपनीकडे विक्रीला गेली. दुसरी अमेरिकी ऊर्जा खात्याकडे राहिली, कारण पैसा काही अंशी त्यांचाही होता. ही दुसरी प्रत टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी सांभाळली. १९९८ मध्ये त्यांनी ऊर्जा खात्याकडून ती जीपीएल परवान्याखाली (कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असा परवाना) खुली करायची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते गेले. तोवर प्रोग्रॅम लोकांच्या हातात आला होता, आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो चालवताहेत. विक्रीवाली प्रत बाजारातून केव्हाच गेली. पुढे टिकली ती एका प्राध्यापकाने हट्टाने धरून ठेवलेली.

पण मला ते आवडतं ते वयामुळे नव्हे. ते उलट प्रश्न विचारतं.

क्ष चा न वा घात इंटिग्रेट करायला सांगा. उत्तराआधी ते विचारतं: न ची किंमत −१ आहे का? हो किंवा नाही लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. नाही म्हटलं तर नेहमीचं सूत्र, घात एकने वाढवून त्यानेच भागलेलं. हो म्हटलं तर लॉग. बारावीपासून पोरं हे सूत्र घोकत आलेली असतात आणि त्याच्या शेपटीला असलेली 'न ≠ −१' ही अट वहीत लिहून विसरलेली असतात. मी फळ्यावर कितीही वेळा बजावलं तरी जे डोक्यात शिरत नाही, ते या एका प्रश्नाने शिरतं, कारण पोरगं अडून बसलेलं असतं आणि शेजारच्याला विचारतं, "ए, −१ आहे का म्हणतंय, काय लिहू?"

दुसरा उपयोग प्रश्न काढायचा. आयगेन व्हॅल्यूचं (मॅट्रिक्स ज्या सदिशाची दिशा बदलत नाही, तो किती पट होतो तो आकडा) गणित द्यायचं तर उत्तरं पूर्णांक यायला हवीत, नाहीतर पोरांचा अर्धा तास वर्गमुळात जातो. गाईडमधली तीच मॅट्रिक्स वर्षानुवर्षं फिरत असतात आणि उत्तरं पाठ असतात. मी उलटीकडून जातो. निर्धारक १ असलेली पूर्णांकांची मॅट्रिक्स घ्यायची, म्हणजे तिची व्यस्तही पूर्णांकांचीच येते. मध्ये कर्णावर हव्या त्या आयगेन व्हॅल्यू ठेवायच्या आणि तिघींचा गुणाकार करायचा. पहिल्या ओळीत १, १ आणि दुसऱ्या ओळीत १, २ घ्या, कर्णावर २ आणि ५ ठेवा. गुणाकार येतो: पहिली ओळ −१, ३, दुसरी −६, ८. कर्णाची बेरीज ७, निर्धारक १०, आयगेन व्हॅल्यू २ आणि ५, सदिश (१, १) आणि (१, २). दोन बाय दोनचं हाताने होतं. तीन बाय तीनची प्रत्येक पोराला वेगळी पंचवीस-तीस गणितं काढायची तर मात्र मॅक्सिमाला रॅंडम आकडे घ्यायला सांगावं. उत्तरपत्रिका तयार, शिवाय 'टेक' आज्ञेने छपाईचं रूपही मिळतं.

कोण कोण वापरतं? कशाला वापरता?

रिकामटेकडा · रविवार, रात्री ९:४०

भूकंपावरून सॉफ्टवेअरचं वय सांगणारा पहिलाच माणूस बघितला. आमच्या पाटणला लोक म्हशीचं वयसुद्धा असंच सांगतात.

बाइटवाला · रविवार, रात्री १०:२०

मूळचा वाळवा तालुका, आता पुण्यात नोकरी. सर, आदर ठेवून बोलतो. हे शिकवून पोरांचा वेळ का घालवायचा? मुलाखतीत मॅक्सिमा कोणी विचारत नाही, पायथॉन विचारतात. पायथॉनमध्ये सिम्पाय आहे, तेही फुकट, अक्षरांची सगळी कामं करतं. शिवाय एकदा पायथॉन आलं की डेटा, वेब, मशीन लर्निंग सगळीकडे चालतं. मॅक्सिमा आलं तर फक्त मॅक्सिमा येतं.

आणि ते प्रश्न विचारणं तुम्हाला गुण वाटतो, मला तो दोष वाटतो. रात्री काम लावून झोपायला जावं, सकाळी उठून बघावं तर हे महाशय 'अ धन आहे का' विचारून आठ तास वाट बघत बसलेत. सिम्पायला तेच इंटिग्रेशन द्या, ते दोन्ही शाखा एकदम लिहून देतं: न ≠ −१ असेल तर हे, नसेल तर लॉग. कोणाला अडवत नाही, काही लपवतही नाही. सभ्य माणसाने असंच वागावं.

येरळाकाठ · रविवार, रात्री १०:५५

@बाइटवाला, नोकरीचा मुद्दा मान्य. पायथॉन मीही शिकवतो, क्लासात त्याशिवाय पोरं टिकत नाहीत.

दोन शाखांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तुमच्यासारख्याला दोन्ही शाखा दिसणं सोयीचं, कारण तुम्ही दुसरी ओळ वाचता. माझा विद्यार्थी वाचत नाही. पहिली ओळ उतरवून घेतो आणि दुसरी 'कायतरी अट हाय' म्हणून सोडतो. प्रश्नाला मात्र त्याला उत्तर द्यावंच लागतं.

रात्रभराच्या कामाला उपाय आहे. 'असम' ही आज्ञा आधी देऊन अ > ० असं सांगून ठेवायचं, मग विचारत नाही. फक्त काम झालं की 'फर्गेट' करायचं. नाहीतर पुढच्या तासालाही ते अ धनच धरून चालतं, आणि ऋण अ साठीचं चुकीचं उत्तर निमूट देतं. जुन्या किमतीही तशाच. मागच्या गणितात क्ष ला ५ देऊन ठेवलेला असतो आणि पोरगं विचारतं, सर विकलन होत नाही. ५ चं विकलन काय होणार? 'किल ऑल' मारून सुरुवात करायची सवय लावलेली बरी.

आणखी एक, तुम्हाला गंमत वाटेल. तुम्ही पुण्याला सेज वापरता का? सेजमॅथ, २००५ मध्ये विल्यम स्टाइन यांनी सुरू केलेलं, पायथॉनवर बसवलेलं. त्याचं कॅल्क्युलस बऱ्याच अंशी आतून मॅक्सिमाच करतं. मॅक्सिमाने प्रश्न विचारला की सेज तो तुमच्यापर्यंत येऊ देत नाही, चूक दाखवून म्हणतं की आधी काही गृहीत धरून बघा.

बाइटवाला · रविवार, रात्री ११:१०

सेज वापरलंय. तो एरर बघितलाय. कित्येकदा. म्हणजे मला अडवणारे हेच होते तर. :)

टाकीवाला_कुपवाड · सोमवार, सकाळी ७:३०

मी गणितातला नव्हे, डिप्लोमा मेकॅनिकल. कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, स्टेनलेस स्टीलच्या टाक्या करतो. दूध संकलन, पाणी, कधी डिझेल. मॅक्सिमा आमच्या पोरानं, म्हणजे मुलानं, घातलं कॉम्प्युटरात. तो तुमच्यासारख्याच कुठल्यातरी सरांकडे शिकला.

आमचा प्रश्न असा असतो. टाकी आडवी, गोल. पट्टी बुडवून बघितलं, ३० सेंटिमीटर ओली झाली. मग आत लिटर किती? गिऱ्हाईक म्हणतं, व्यास १२० आहे, ३० म्हणजे पाव, मग पाव टाकी. तसं होत नाही. आडव्या सिलिंडरला पाव उंचीवर साडेएकोणीस टक्केच माल असतो. दहावा हिस्सा उंचीवर तर जेमतेम सव्वापाच टक्के. तीन हजार लिटरची टाकी धरा, पाव उंचीला तो ७५० लिटर समजतो आणि आत असतात साधारण ५८६. यावरून भांडणं झालेली मी डोळ्यांनी बघितलीत, अगदी टँकर उभा करून.

वरच्या अर्ध्यात उलटं होतं. तिथं पाऊण उंचीला ऐंशी टक्के भरलेली असते. म्हणून सरळ आकड्यांची पट्टी चालत नाही, दर सेंटिमीटरचा तक्ता द्यावा लागतो. सूत्र कोनाचं आहे, आर्क कोसाइन येतं त्यात. आधी आम्ही कुठूनतरी मिळालेली एक्सेलची फाईल वापरायचो, कुणी केली, बरोबर का चूक, देव जाणे. मुलानं मॅक्सिमात वर्तुळाच्या तुकड्याचं इंटिग्रेशन लावून सूत्र काढून दाखवलं. मधे ते खरंच विचारत होतं, अमुक धन आहे का ऋण. मी म्हटलं उंची आहे बाबा, ऋण कशी असंल, धन लिही.

अडचण पुढं आहे. आमच्या टाक्यांना टोकं सपाट नसतात, डिश एंड असतात, फुगीर. २:१ इलिप्टिकल. त्यांच्यातला माल त्या तक्त्यात धरलेला नाही. तो कसा धरायचा, कोणी सांगेल का? मुलगा परीक्षेत आहे, त्याला आता विचारू शकत नाही.

येरळाकाठ · सोमवार, सकाळी ८:०५

टाकीवाले काका, धागा काढला त्याचं चीज झालं. तासाला निघालोय, दुपारी सविस्तर लिहितो.

शंकूछेद · सोमवार, सकाळी १०:१५

मी निवृत्त शिक्षिका, आयुष्य कॅल्क्युलस शिकवण्यात गेलं. लॉगॅरिदमच्या पुस्तकापासून सुरुवात केलेली पिढी आमची.

येरळाकाठ सर, तुमचा उत्साह आवडला, पण एक सावधगिरी लिहिते. मॅक्सिमाचं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर वेगळं दिसतं, आणि मग नवखे शिक्षक एकाला चूक ठरवतात. साइन क्ष गुणिले कोसाइन क्ष याचं इंटिग्रेशन घ्या. पुस्तकात साइन वर्ग भागिले दोन, यंत्रात उणे कोसाइन वर्ग भागिले दोन. दोन्ही बरोबर, त्यांच्यात फरक फक्त अर्ध्याचा, आणि तो स्थिरांकात जातो. पण यंत्र तो स्थिरांक लिहीतच नाही. तीच गत १/क्ष ची. आपण लॉगच्या आत क्ष ला मापांकाच्या उभ्या रेघा घालायला शिकवतो, यंत्र सरळ लॉग क्ष लिहितं. मुलीने तसंच उतरवलं तर पेपरात अर्धा गुण जातो, आणि तिची चूक नसते.

मी शिकवत असते तर नियम केला असता: उत्तर कुठूनही आणा, पण वहीत त्याचं विकलन करून मूळ फल परत मिळवून दाखवा. तेवढं हाताने. मग यंत्राशी माझं भांडण नाही.

येरळाकाठ · सोमवार, दुपारी ३:२०

मॅडम, नियम आजपासून लागू. उभ्या रेघांसाठी 'लॉगॲब्स' नावाचा खटका आहे, तो 'ट्रू' केला की लॉगच्या आत मापांक येतो. स्थिरांकाचं गमतीदार आहे: नुसतं फल दिलं तर लिहीत नाही, पण बरोबरच्या चिन्हासकट अख्खं समीकरण इंटिग्रेट करायला दिलं तर स्वतःहून स्थिरांक घालतं.

तुम्ही म्हणता तसं विकलन करून तपासण्यावर एक अख्खी परीक्षापद्धत उभी आहे. तिचं नाव स्टॅक. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत बसते, ब्रिटनमध्ये ख्रिस सॅंगविन यांनी सुरू केली, आणि आत मॅक्सिमाच आहे. विद्यार्थी उत्तर टाइप करतो, ते विकलन करून मूळ फलाशी ताडून बघतं, म्हणजे तुमच्या दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण. स्थिरांक राहिला असेल तर तसं वेगळं सांगतं.

आता टाकीवाले काका. तुमच्यासाठी बातमी चांगली आहे, डिश एंडला त्या सिलिंडरपेक्षा सोपं सूत्र लागतं. दोन्ही टोकं काढून एकमेकांना जोडलीत असं धरा. एक बाजूने दाबलेला गोल तयार होतो. २:१ म्हणजे फुगा त्रिज्येच्या निम्मा, म्हणजे पूर्ण गोलाच्या बरोबर निम्मा माल, आणि ही निम्मेपणाची गोष्ट दर उंचीला लागू पडते, कारण प्रत्येक आडवा काप त्याच प्रमाणात दबलेला असतो. उ उंचीपर्यंत भरलेल्या गोलाचं घनफळ: पाय (π) गुणिले उ वर्ग गुणिले (३त्र − उ), भागिले ३; त्र म्हणजे त्रिज्या. याचं निम्मं करा आणि तुमच्या तक्त्यातल्या आकड्यात मिळवा. पत्र्याची आतली मापं घ्या, बाहेरची नको. डिशला पुढे थोडा सरळ गळा असतो, तो सिलिंडरच्या लांबीत धरा. १२० व्यासाच्या टाकीला दोन्ही टोकं मिळून पूर्ण भरल्यावर ४५२ लिटर घेतात. तीन हजारांच्या टाकीत हे सोडून चालणार नाही.

टाकीवाला_कुपवाड · सोमवार, सायंकाळी ७:१०

कळलं. गळ्याचं बरं सांगितलंत, ते कोण धरत नाही. उद्या एका टाकीत मीटरनं पाणी भरून ताडून बघतो, कागदावर विश्वास ठेवून पट्टीवर खुणा मारायच्या नाहीत हा आमचा नियम.

द्विमान · सोमवार, रात्री ८:३०

इलेक्ट्रिकलवाला. आकडेच काढायचे असतील तर ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं फुकट सॉफ्टवेअर बरं, मॅक्सिमा त्यात हळू आहे. तेही काही कालचं नाही: विस्कॉन्सिनचे जॉन ईटन यांनी केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी सुरू केलं, पहिली पूर्ण आवृत्ती १९९४ ची. नाव संगीतातलं वाटतं, पण ते त्यांच्या प्राध्यापकांचं आहे, ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील. मॅटलॅब या विकतच्या पॅकेजच्या बऱ्याचशा फायली जशाच्या तशा चालतात, त्यातलं ब्लॉक जोडायचं सिम्युलिंक मात्र नाही. ज्याला कंट्रोलचे ब्लॉक जोडायचेत त्याने सायलॅबचं एक्सकॉस बघावं. शेकडो नोड्सच्या लोड फ्लोला (विजेच्या जाळ्यात कुठून किती वीज वाहते त्या गणिताला) कोणी मॅक्सिमा घेतलं तर मी त्याला हात जोडतो.

येरळाकाठ · सोमवार, रात्री ९:००

@द्विमान, हात जोडायची वेळ आणणार नाही. ते काम ऑक्टेव्हचंच.

पण उलटं उदाहरण देतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं प्रसिद्ध गणित: ६१ गुणिले क्ष वर्ग अधिक १ हा पूर्ण वर्ग हवा. सगळ्यात लहान उत्तर क्ष = २२६१५३९८०, आणि वर्गमूळ १७६६३१९०४९. मॅक्सिमात ६१ क्ष² काढा, ३११९८८२९८२८६०२६४४०० येतात. दुसऱ्याचा वर्ग शेवटच्या अंकासकट त्यापेक्षा १ ने जास्त. ऑक्टेव्हच्या नेहमीच्या, साधारण सोळा अंकी संख्यांत मात्र एवढ्या आकाराला दोन शेजारच्या संख्यांतलं अंतरच ५१२ असतं. तो १ तिथे मावतच नाही. बाराव्या शतकात हाताने काढलेलं उत्तर तपासायला एकविसाव्या शतकातले सोळा अंक अपुरे पडतात. पोरांना दशांश आणि पूर्णांक यांतला फरक दाखवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण अजून मिळालेलं नाही.

तंबोरा · मंगळवार, रात्री १०:४५

मिरजेचा आहे, घरात तंतुवाद्यांचा धंदा पिढीजात. मी बाहेर पडून इलेक्ट्रॉनिक्स केलं, पण जवारी लावलेली ऐकू येतेच घरात.

वरचं अपूर्णांकांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या एका कामासाठी स्वरांची गुणोत्तरं मांडत होतो. सा पासून पंचमाने वर वर जात राहा: ३/२, मग ९/४, असं चार वेळा, आणि दोन सप्तकं खाली आणा. येतं ८१/६४. हा गंधारच. पण तंबोऱ्याच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ५/४. दोघांचा भागाकार ८१/८०. शास्त्रात यालाच प्रमाणश्रुती म्हणतात. दशांशात हे १.२६५६ आणि १.२५ असे दोन आकडे दिसतात, त्यात कळत काहीच नाही. अपूर्णांक ठेवले की दिसतं: एकीकडे नुसते ३ आणि २, दुसरीकडे ५ घुसलेला. तीनचे कितीही घात केले तरी त्यातून पाच निघणार नाही, म्हणून पंचमांच्या साखळीने तो गंधार कधीच हाताला लागणार नाही. मॅक्सिमात 'फॅक्टर' केलं की ८१ चं तीनचा चौथा घात आणि ८० चं दोनचा चौथा घात गुणिले पाच असं समोर येतं.

आमच्या वडिलांना हे दाखवलं. ते म्हणाले, कान असताना कागद कशाला. तेही खरं. पण चिपला कान नसतात.

रिकामटेकडा · मंगळवार, रात्री ११:०५

हा धागा म्हशीवरून गंधारापर्यंत गेला. वाचनखूण साठवली.

बाइटवाला · बुधवार, सकाळी ९:५०

@तंबोरा, अपूर्णांक सिम्पायमध्येही राहतात, फक्त १/३ लिहिताना 'रॅशनल' म्हणून सांगावं लागतं, नाहीतर पायथॉन आधीच दशांश करून मोकळा होतो. नवख्यांना हे हमखास नडतं. एक गुण मॅक्सिमाला.

पण माझी खरी शंका वेगळी आहे. स्वयंसेवक म्हणता, ते किती आणि कोणत्या वयाचे? लिस्प येणारे लोक आता कुठे मिळणार? उद्या हे बंद पडलं तर तुमच्या फायलींचं काय?

येरळाकाठ · बुधवार, दुपारी २:३०

मोजकेच लोक आहेत. पण कामाची गोष्ट ही की फाईल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये उघडते. कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेल्या माझ्या फायली आजच्या आवृत्तीत न बदलता चालतात. आवृत्तीचा आकडा अजून ५ च्याच घरात आहे, उगीच सहा-सात करून जुन्या आज्ञा मोडायची त्यांना हौस नाही. याच्या उलट, मागे विकतच्या एका पॅकेजमधलं माझं अख्खं सत्राचं काम परवाना संपल्यावर उघडेना. फाईल माझी, पण किल्ली त्यांची.

लिस्पचं म्हणाल तर शेल्टर यांनी मॅक्सिमाबरोबर त्याखालच्या लिस्प कंपायलरवरही काम करून ठेवलं होतं, त्यालाच पुढे जीसीएल म्हणतात. आज मॅक्सिमा आणखी तीन-चार प्रकारच्या लिस्पवर उभं राहतं. एक बंद पडला तर दुसरा. तुमच्यासारख्यांनी जोर लावला तर आणखी बरं.

बाइटवाला · बुधवार, दुपारी २:५५

मला लिस्प शिकायला लावायचा डाव दिसतोय. बघू.

अनुस्वार · बुधवार, रात्री ९:२०

मी एफ.वाय.ला आहे, तासगाव. लॅपटॉप नाही, फोनवर मॅक्सिमाचं अँड्रॉइड ॲप टाकलं. दोन अडचणी आहेत.

एक, समीकरणात ०.५ लिहिलं की इंग्रजीत काहीतरी येतं, ०.५ च्या जागी १/२ घेतलं असं. चुकलं का माझं?

दोन, १ भागिले (क्ष² + बक्ष + क) चं इंटिग्रेशन दिलं तर ते विचारतंय ४क − ब² धन आहे की ऋण. मला ब आणि क माहीतच नाहीत, मग काय लिहू? दादाला विचारलं, तो म्हणाला काहीही लिही.

टाकीवाला_कुपवाड · बुधवार, रात्री ९:४५

काहीही लिहू नको गं. मोजून लिही.

(सर, पाणी भरून बघितलं. तक्ता मीटरशी जुळला, चार-पाच लिटरच्या आत. खुणा मारायला दिल्या.)

येरळाकाठ · बुधवार, रात्री १०:१०

काका, वा! चार-पाच लिटर म्हणजे पाइपात राहिलेलं पाणीच असेल.

@अनुस्वार, पहिलं: चुकलेलं नाही. तू दशांश दिलास, त्याने तो अपूर्णांक करून घेतला आणि तसं कळवलं, एवढंच. दशांश न लिहिता थेट १/२ लिहीत जा, निरोप येणार नाही. शेवटी आकडा हवा असेल तर 'फ्लोट' वापर.

दुसरं: दादाचं ऐकू नकोस. ब आणि क माहीत नाहीत हीच तर गंमत आहे. दोनदा चालव. एकदा धन सांग, एकदा ऋण. धनला आर्क टॅन येईल, ऋणला लॉग. वर्गसमीकरणाच्या धड्यात ब² − ४क काढून मुळं वास्तव आहेत का बघायचीस, हे तेच आहे, फक्त चिन्ह उलटं. मुळं वास्तव असली की छेदाचे दोन अवयव पडतात, म्हणून लॉग. नसली की वर्ग पूर्ण करावा लागतो, म्हणून आर्क टॅन.

तिसरी शक्यता, बरोबर शून्य, त्याने विचारलेलीच नाही. ती हाताने कर. तेव्हा छेद (क्ष + ब/२) चा वर्ग होतो. उत्तर काय येतं ते इथे लिही, आणि शंकूछेद मॅडमनी सांगितलंय तसं विकलन करून दाखव.

अनुस्वार · बुधवार, रात्री १०:५०

−२ भागिले (२क्ष + ब). विकलन केलं, ४ भागिले (२क्ष + ब)² आलं, म्हणजे १ भागिले (क्ष + ब/२)². लॉग पण नाही आणि आर्क टॅन पण नाही!

शंकूछेद · गुरुवार, सकाळी ७:०५

बरोबर. पण स्थिरांक राहिला.